आरोपी जामिनावर सुटला आणि आम्हाला कुणी कळवलंच नाही: संसदेच्या समितीकडे दाद मागता येते का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका ताईंच्या भावावर गल्लीतल्या भांडणातून कोयत्याने वार झाले, मनगटाचं हाड मोडलं. गुन्हा दाखल झाला, पण त्यांच्या मते कलमं सौम्य लावली गेली. आरोपीला अटक झाली आणि थोड्याच दिवसांत तो जामिनावर सुटून त्याच गल्लीत फिरायला लागला. घरच्यांना हे कळलं ते तो समोर दिसल्यावर. नवीन फौजदारी कायद्यांवर संसदेच्या समितीत चर्चा झाली आणि त्यात पीडितांना हक्क मिळाले, असं ताईंच्या वाचनात आलं. म्हणून त्या विचारतात की समितीकडे तक्रार पाठवू का, आणि सरकारी वकील असताना आपला वेगळा वकील कशाला द्यायचा?

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मूळ फिर्यादीच्या बाजूने, म्हणजे ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्या बाजूने, बरीच वर्षं कामं पाहते. त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सतत कानावर येतो.

ताई, तुमच्या प्रश्नात समिती पुढे आहे, पण खरी अडचण निराळी आहे. तपास कुठवर आला, आरोपीला कधी आणि कोणत्या अटींवर सोडलं, हे तुम्हाला सांगणं कुणाचं काम होतं? आणि ते झालं नाही तर त्याला जाब कोण विचारणार? कायद्यात याचं उत्तर अर्धंच आहे. जे आहे तेही लेखी मागितल्याशिवाय हातात पडत नाही. जे नाही, ते कायद्यात यावं म्हणून समितीचं दार आहे. ही दोन कामं वेगळी ठेवलीत तर तुमची बरीच धावपळ वाचेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. गुन्हा १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचा असेल तर गुन्हे आणि शिक्षा सांगणारी भारतीय न्याय संहिता आणि तपास-खटल्याची पद्धत सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू. त्याआधीचा असेल तर कलमं जुन्या दंड संहितेची, आणि त्या तारखेला तपास किंवा खटला आधीच चालू असेल तर कार्यपद्धतीही जुनीच. तुमच्या लिहिण्यावरून घटना ताजी वाटते, म्हणून पुढचं सगळं नव्या संहितेप्रमाणे लिहिते आहे. दुसरं म्हणजे सिडको शहर पोलीस आयुक्तालयात येतं, त्यामुळे कायद्यात जिथे ‘पोलीस अधीक्षक’ असं आहे तिथे तुम्ही पोलीस उपायुक्तांकडे जायचं. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडच्या कुणी हे वाचत असेल तर त्यांनी ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. आणि तुमचा भाऊ अनुसूचित जाती-जमातीतला असून अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलेलं असेल, तर तुमचे हक्क बरेच मोठे आहेत. ते जामिनाच्या ठिकाणी सांगते.

आता समिती. संसदेत खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. एका समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. गृह खात्याची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत चालते. ऑगस्ट २०२३ मध्ये तीन फौजदारी विधेयकं लोकसभेत मांडली गेली आणि या समितीकडे गेली. अध्यक्ष होते खासदार बृजलाल, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. नोव्हेंबरमध्ये तिन्ही विधेयकांवर अहवाल आले आणि विरोधी सदस्यांनी त्यांना आपलं वेगळं मत नोंदवणाऱ्या भिन्नमतपत्रिका जोडल्या. डिसेंबरमध्ये सरकारने आधीची विधेयकं मागे घेऊन सुधारित मांडली. विरोधी बाकांवरचे शंभराहून अधिक खासदार निलंबित असताना ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. म्हणून कलमागणिक कोणाचं काय म्हणणं होतं हे बघायचं असेल, तर ते सभागृहातल्या भाषणांपेक्षा समितीच्या अहवालांत आणि भिन्नमतपत्रिकांत जास्त सापडतं. मी नवख्या वकिलांनाही तेच वाचायला सांगते.

समितीचं सरकार ऐकतं का? काही ऐकतं, काही नाही. बेड्या घालण्याच्या तरतुदीतून आर्थिक गुन्हे वगळा, ही सूचना मान्य झाली. व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना सारखा लावून परत आणा, ही झाली नाही. शिफारस बंधनकारक नसते. मात्र विधेयकांखेरीज इतर विषयांवर समिती अहवाल देते तेव्हा मंत्रालयाला त्यावर काय केलं ते कळवावं लागतं. महिला आणि बालकांवरील अत्याचारांवरचा २०२१ चा २३० वा अहवाल आणि पोलीस प्रशिक्षण, आधुनिकीकरण व सुधारणांवरचा २०२२ चा २३७ वा अहवाल याच समितीचे.

पण ही समिती कुणा एकाच्या गुन्ह्याचा तपास हातात घेत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे आहेत, तर फौजदारी कायदा आणि प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. म्हणजे कलम दिल्लीत ठरतं, पण ते तुमच्या ठाण्यात पाळलं जातंय का, हे पाहण्याची जबाबदारी राज्य सरकारची. लोकसभेच्या याचिका समितीचाही उपयोग नाही, कारण न्यायालयाच्या कक्षेतला किंवा एरवी राज्य विधिमंडळात मांडायचा विषय तिथे चालत नाही. तेव्हा भावाच्या प्रकरणाची तक्रार म्हणून दिल्लीला पत्र पाठवू नका. ते कुठल्या तरी फायलीत पडून राहील आणि इथले महत्त्वाचे दिवस वाया जातील.

या सगळ्या वादाबद्दल माझं एक ठाम मत आहे. पीडितांचे हक्क हा शब्द निघाला की बोलणं लगेच पोलिसांना जास्त अधिकार देण्याकडे वळतं. कोठडीचे १५ दिवस आता सुरुवातीच्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्याने घेता येतात, आणि चर्चेत सगळ्यात गाजलं ते हेच कलम. कोठडी लांबली म्हणून माझ्या अशिलाला न्याय मिळाला, असं मी क्वचितच पाहिलंय. पंचनामा वेळेवर आणि जागेवर झाला, जप्तीचं चित्रीकरण झालं, दुखापतीचा दाखला लवकर आला, जबाब साक्षीदाराच्या शब्दांत लिहिला गेला, तर मात्र फरक पडतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. त्याने खोटा गुंतवलेला माणूस वाचतो आणि जखमी झालेल्याचा पुरावाही टिकतो. पोलिसांवर नीट देखरेख ठेवणं हाच पीडिताच्या हक्काचा पाया आहे, असं मी मानते.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३(३) म्हणतं की पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी, फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही चालेल. पीडिताच्या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारसही येतात. पण कळवलं नाही तर काय, यावर कलम काहीच बोलत नाही. प्रत्यक्षात मग असं होतं की एखाद्या ठाण्यातून मोबाइलवर ‘तपास चालू आहे’ एवढा एका ओळीचा मेसेज येतो, एखाद्या ठाण्यातून तोही येत नाही. म्हणून ९० दिवस वाट पाहत बसू नका, आजच अर्ज द्या. भाऊ सही करू शकत असेल तर त्याच्याच सहीने. एका पानाचा पुरे. वर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, तपासी अंमलदाराचं नाव. मजकूर साधा ठेवा: ‘वरील गुन्ह्यात मी जखमी फिर्यादी आहे. कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती मला खालील मोबाइल क्रमांकावर व लेखी कळवावी. आरोपीच्या जामीन अर्जावर आपण म्हणणे देण्यापूर्वी मला कळवावे. वैद्यकीय कागद सोबत जोडले आहेत, त्यानुसार माझा पुरवणी जबाब घ्यावा.’ संताप, आरोप, मागचा इतिहास यातलं काहीही या पानावर नको. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही, आवक क्रमांक घ्या. पोहोच द्यायला कां-कू केली तर ठाण्यात हुज्जत घालू नका, सरळ स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पुढे उपायुक्तांपुढे किंवा न्यायालयात तुमच्या बोलण्यापेक्षा ही पावती जास्त बोलते.

कलमांबद्दल थोडं सबुरीने घ्या. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये तसं स्पष्ट आहे. धारदार शस्त्राने साधी दुखापत केली तर ११८(१), गंभीर केली तर ११८(२), आणि दोन्हींच्या शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण एफआयआर बहुतेक वेळा घटनेच्या रात्रीच लिहिली जाते. तेव्हा एक्सरे झालेला नसतो, त्यामुळे सुरुवातीचं सौम्य कलम दरवेळी मुद्दामच लावलेलं असतं असं नाही. खरी गडबड पुढे होते. जखमीला सिव्हिलमधून खासगी दवाखान्यात हलवतात. मग तपासी अंमलदाराने त्या दवाखान्याला पत्र द्यायचं, दवाखान्याने दाखला द्यायचा, आणि या पत्रापत्रीत आठवडे जातात. तोवर जामिनाच्या सुनावणीत आरोपीचे वकील ‘फक्त ११८(१) आहे’ असं म्हणून मोकळे होतात. म्हणून एक्सरे, त्याचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती तुम्ही स्वतः नेऊन द्या आणि कलमवाढ करून तसा अहवाल न्यायालयात देण्याची विनंती करा. मात्र ‘१०९ लावा, खुनाचा प्रयत्नच आहे’ असा हट्ट धरू नका, जोवर वार डोक्यावर, मानेवर, पोटात असे नसतील. जखम मनगटावर आणि मागणी १०९ ची, असं झालं की अख्ख्या अर्जाकडेच संशयाने पाहिलं जातं.

ठाण्याने दाद दिली नाही तर उपायुक्तांकडे लेखी जा. तरीही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कलम १७५(३) खाली जाताना प्रतिज्ञापत्र लागतं आणि वरिष्ठांकडे आधी गेल्याचा कागद लागतो, हे विसरू नका. तपास नीट होत नसेल तर दंडाधिकारी त्यात लक्ष घालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने साकिरी वासू प्रकरणात २००७ मध्येच सांगितलंय.

आता जामीन. तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच, आणि कायदा सगळ्यात तोकडा पडतो तोही इथेच. लखीमपूर खेरी प्रकरणात, जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा या एप्रिल २०२२ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर, जामिनाच्या सुनावणीतही, म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. पण म्हणणं मांडायला आधी तारीख कळायला हवी. ती कळवण्याची सक्ती सर्वसाधारण गुन्ह्यांत संहितेने केलेली नाही. अल्पवयीन मुलींवरील बलात्काराच्या काही गुन्ह्यांत जामीन सुनावणीला फिर्यादी किंवा त्याचा प्रतिनिधी हजर असणं सक्तीचं आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत जामिनाची माहिती कुटुंबाला द्यायला सांगितलंय. आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १५अ तर जामिनासकट प्रत्येक कामकाजाची वेळेवर, अचूक सूचना मिळण्याचा आणि ऐकून घेतलं जाण्याचा हक्क पीडिताला देतं. कोयत्याने मनगट मोडलेल्या तुमच्या भावाला मात्र असं कलम नाही. या एका फरकावर पुढे परत येईन.

तोवर तारीख तुम्हालाच शोधावी लागेल. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर जिल्हा नाशिक निवडा आणि पोलीस ठाणं व एफआयआर क्रमांक टाकून शोधा. अटकेनंतरचे पहिले काही दिवस रोज पाहायचं. अर्ज दिसला की वकीलपत्र आणि लेखी हरकत दाखल करायची. हरकतीत ‘आरोपी गुंड आहे’ असं लिहून भागत नाही. तो त्याच गल्लीत राहतो, साक्षीदार शेजारी आहेत, शस्त्र अजून जप्त झालेलं नाही, असे मुद्दे घाला. न्यायाधीश तेच वजनात धरतात.

तुमच्याकडे आरोपी सुटून झालाय. मग आधी जामिनाच्या आदेशाची नक्कल काढा आणि अटी वाचा. साक्षीदारांना धमकावू नये, ठरावीक दिवशी ठाण्यात हजेरी द्यावी, कधीकधी हद्दीत येऊ नये, अशा अटी त्यात असतात. हद्दबंदीची अट असूनही तो गल्लीत दिसतोय, तर जामीन रद्द करण्यासाठी तुमच्याकडे भक्कम कारण आहे. अट नसेल आणि तो नुसता फिरत असेल, तर तेवढ्यावर जामीन रद्द होत नाही, हे मनाला कितीही टोचलं तरी खरं आहे. धमकी दिली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, अदखलपात्र नोंद झाली तरी चालेल. समोरच्या किराणा दुकानाचा कॅमेरा असेल तर दुकानदाराला लगेच भेटा, कारण जुनं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. जिवाला धोका वाटत असेल तर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज करा. महेंद्र चावला प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना देशभर लागू केली आणि नव्या संहितेच्या कलम ३९८ ने राज्यांवर तशी योजना करण्याचं बंधन घातलं. अर्जावर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवून.

वकील कशाला, याचं उत्तर आता सोपं झालं असेल. सरकारी वकील राज्याची बाजू मांडतात, तुमची खासगी बाजू नाही. त्यांच्या टेबलावर एका दिवसात कितीतरी प्रकरणं असतात, तुम्हाला फोन करून तारीख सांगणं त्यांच्याकडून होत नाही आणि तो त्यांचा दोषही नाही. कलम १८(८) खाली न्यायालयाच्या परवानगीने तुमचा वकील त्यांना साहाय्य करू शकतो. उलटतपास घेणं, स्वतंत्र युक्तिवाद करणं मात्र सरकारी वकिलांकडेच राहतं. रेखा मुरारका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सीमा आखली. तरीही वकीलपत्र असण्याचा मोठा फायदा आहे. कलम २३० प्रमाणे दोषारोपपत्राची प्रत आरोपीबरोबर पीडितालाही मिळते, पण पीडिताचा वकील असेल तरच. ही अट बऱ्याच जणांना माहीत नसते. पोलिसांनी उद्या ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे खटला न भरता प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली तर ती मान्य होण्याआधी फिर्यादीला नोटीस द्यावी लागते, हा १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासूनचा नियम. सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं तर कलम ३६० खाली आधी तुमचं ऐकावं लागतं. आरोपी निर्दोष सुटला तर कलम ४१३ खाली तुम्ही स्वतः अपील करू शकता, वेगळी परवानगी न मागता. या सगळ्या ठिकाणी कुणीतरी तुमच्या वतीने जागं असायला हवं.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही, इतरांना वार्षिक ३ लाखांची मर्यादा. फोन करायचा तर १५१००. कलम ३९६ खालच्या नुकसानभरपाईचा अर्जही याच कार्यालयात जातो. आरोपी सापडला नसेल, खटला उभा राहिला नसेल, तरी तो करता येतो.

जाता जाता द्राक्षवाल्या शेतकऱ्यांसाठी दोन ओळी, कारण तेही पीडितच आहेत आणि स्वतःला तसं समजत नाहीत. बागेवर येऊन माल उचलायचा, चेक द्यायचा आणि हंगाम संपला की गायब व्हायचं, ही फसवणूक निफाड-दिंडोरीला नवी नाही. ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवलं तर वर सांगितलेल्याच पायऱ्या चढा. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून नुकसान झालेल्यांना वाटण्याची सोय आता कलम १०७ मध्ये आहे. आणि चेक न वटल्याचा तक्रारदारही पीडित म्हणून निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

पोलिसांवरच्या देखरेखीसाठी वेगळी यंत्रणाही आहे. प्रकाश सिंग प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरणं स्थापायला सांगितली आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग पातळीवर त्यांची तरतूद केली. पण ती कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, खंडणी, बेकायदा अटक अशा गंभीर गैरवर्तनासाठी. तपासाची माहिती दिली नाही, एवढ्यासाठी तिथे जाऊन फारसं काही होणार नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून वर्षाच्या आत. मात्र ठाण्यात तुमची तक्रार घेतलीच नाही किंवा अपमान झाला, असं असेल तर त्या दिवसाचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवावं, असा अर्ज त्याच आठवड्यात द्या. परमवीर सिंग सैनी निकालाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण किमान वर्षभर, शक्यतो १८ महिने ठेवण्याचा आदेश दिलाय.

आता समितीकडे परत येऊ. तुमच्या प्रकरणाचा निकाल तिथे लागणार नाही, पण तुमच्या अनुभवातून दिसलेली कायद्यातली फट तिथे नक्की मांडता येते. जामिनाची सूचना मिळण्याचा जो हक्क अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात आहे, तो इतर गंभीर गुन्ह्यांतल्या पीडिताला का नाही? हा प्रश्न खासदारांसमोर जायलाच हवा. २००३ च्या मळीमठ समितीने पीडिताला खटल्यात स्थान द्या म्हटलं, आणि २००८ च्या दुरुस्तीने, जी ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली, पीडिताची व्याख्या, अपिलाचा हक्क आणि भरपाईची योजना कायद्यात आली. न्यायमूर्ती वर्मा समितीला २०१३ मध्ये सुमारे ८०,००० सूचना आल्या होत्या. वेळ लागतो, पण लोकांनी लिहिलेलं कायद्यापर्यंत पोहोचतं.

मात्र लिहायचं कसं, याला महत्त्व आहे. समिती एखादा विषय किंवा विधेयक हाती घेते तेव्हा जाहिरात देऊन निवेदनं मागवते, मुदत बहुधा १५ दिवसांची. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत द्या. पाठवलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय राहतं, त्यामुळे तेच नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. त्यात भावाची सगळी हकीकत नको. कलम कोणतं, प्रत्यक्षात काय घडतं, आणि कोणते शब्द घालावेत, एवढंच. उदाहरणार्थ: ‘कलम १९३(३) मध्ये ९० दिवसांत माहिती देण्याचे बंधन आहे, परंतु ती दिल्याची नोंद दोषारोपपत्रासोबत जोडण्याचे बंधन नाही. तशी नोंद सक्तीची करावी. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत जामीन अर्जाची सूचना व जामीन मिळाल्याची माहिती पीडितास देण्याचे बंधन घालावे.’ असं निवेदन सदस्यांना वापरता येतं. ‘पोलीस विकले गेले आहेत’ हे वापरता येत नाही.

नाशिककरांनी यात आणखी एक मुद्दा घालावा असं मला वाटतं. २७ ऑगस्ट २००३ ला इथे कुंभमेळ्यातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पुढचा सिंहस्थ दारात आहे. संहितेतली पीडिताची व्याख्या आरोपीच्या कृतीशी किंवा कसुरीशी बांधलेली आहे. जिथे आरोपीच ठरत नाही, तिथे गेलेल्याच्या घरच्यांना चौकशी कुठवर आली हे विचारायचाही या कायद्याने हक्क नाही. सार्वजनिक सुरक्षेवर बोलणाऱ्या कुठल्याही समितीने हे पाहायला हवं.

राज्य पातळीवरचं काम मराठीतच होतं, आणि ते जास्त जवळचं आहे. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, आणि तुमचे आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात. न्यायप्रविष्ट प्रकरणावर प्रश्न अडतो, म्हणून भावाचं नाव न घेता विचारायला सांगा: नाशिक आयुक्तालयात गेल्या वर्षी किती गुन्ह्यांत फिर्यादीला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवली, आणि त्याची नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये आहे? हाच प्रश्न माहिती अधिकारात तुम्ही स्वतः टाकू शकता, १० रुपयांत. तशी नोंदच ठेवली जात नाही असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा, निवेदनाला जोडायला त्याहून चांगला कागद नाही.

सध्या क्रम असा ठेवा. उद्या सकाळी एक्सरे आणि डिस्चार्ज कार्डासकट ठाण्यात अर्ज आणि पोहोच. त्याच दिवशी न्यायालयात जामीन आदेशाच्या नकलेसाठी अर्ज. नक्कल हातात आली की अटी इथे टाका, नाव-पत्ता झाकून. जामीन रद्द करण्याच्या अर्जात दम आहे का, ते मी वाचून सांगते.